मिक्सरमध्ये ठेच्याची चटणी होते, काय करू?

भाकरतुकडा (वाकड)

मंडळी, प्रश्न साधा आहे पण डोकं खाल्लंय त्याने. मला हिरव्या मिरचीचा ठेचा करायचाय, आणि तो ठेचाच व्हायला पाहिजे. म्हणजे भाकरीच्या तुकड्यावर घेतला की मिरचीची साल दाताखाली यावी, दाण्याचे कण लागावेत, लसूण मधेच कुठेतरी सापडावा. सिंहगडावर पिठलं-भाकरीसोबत ताटाच्या कडेला जो गोळा ठेवतात ना, तसला. माझ्या घरी जे होतं ते सँडविचला लावायच्या चटणीच्या वळणावर जातं, गुळगुळीत, पातळ, आणि वर लसणाचा असा उग्र दर्प की ऑफिसात डबा उघडला की शेजारचे दोघं खुर्च्या सरकवतात.

पद्धत सांगतो. मिरच्यांची देठं काढून धुवायच्या, कढईत तेलावर परतायच्या, खकाणा उठतो म्हणून वर झाकण, मग त्या मिरच्या, कच्चा लसूण, जिरं, भाजलेले दाणे, कोथिंबीर, मीठ, लिंबू सगळं एकदम मिक्सरच्या भांड्यात आणि फिरवायचं. फिरत नाही म्हणून थोडं पाणी. रंग शेवाळी येतो. यूट्यूबवर बरेच जण हेच करतात आणि त्यांचा मस्त दिसतो, आता तो खरंच तसा असतो की लाइटची कमाल, देव जाणे.

खलबत्ता नाहीये. फ्लॅट भाड्याचा, खालच्या मजल्यावरच्या काकूंना आमच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, त्यामुळे रविवारी सकाळी धाडधाड कुटायला घेतलं तर दहा मिनिटात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडणार.

अजून दोन गोष्टी विचारायच्यात. मिरचीचा काही भरवसाच नाही, त्याच भाजीवाल्याकडून त्याच दिसणाऱ्या मिरच्या आणल्या तरी एका आठवड्यात कानातून धूर आणि पुढच्या आठवड्यात नुसता पाला. हे निवडताना कळतं का? आणि बायकोचं म्हणणं आहे की महिन्याभराचा एकदम करून बरणीत भरू, वर तेल ओतू आणि ओट्यावर ठेवू, लोणचं राहतं तसा राहील. राहील का? जानेवारीत हुरड्याला पंचवीस-एक माणसं यायची आहेत, त्यांच्यासाठीही करायचाय, तोपर्यंत हात बसायला हवा.


तांबडापांढरा (धनकवडी, मूळ कोल्हापूर)

पाणी? ठेच्यात पाणी? विषय तिथंच संपला की भावा.

मिरचीच्या अंगातच भरपूर पाणी असतंय, ते तव्यावर घालवायचं असतंय, आणि तू वरनं झाकण ठेवून तेच परत आत कोंडतोयस, वर अजून नळाचं घालतोयस. मग चटणी नाही तर काय होणार.

आमच्याकडं खर्डा म्हणतात आणि त्याला खलबत्ता लागत नाही, तवा लागतो. बिडाचा नाहीतर जाड लोखंडी. नॉनस्टिकवर करू नको, खरवडून पार वाट लागेल त्याची. मिरच्या आदल्या रात्री देठासकट धुवायच्या, देठ काढून धुतलंस की त्या भोकातनं पाणी आत शिरतंय. फडक्यावर पसरून ठेव, सकाळी देठं काढ, आणि मिरची मोडून दोन तुकडे कर नाहीतर एक चीर तरी दे, अख्खी तापली की आतली वाफ कोंडून फटकन फुटते आणि गरम तेल तोंडावर. तवा चांगला तापला की दीड-दोन चमचे तेल, त्यावर मिरच्या पसरायच्या आणि सोडून द्यायच्या. सारखं हलवायचं नाही. कान देऊन ऐक, आधी चुरचुर मोठी येते, ते पाणी जातंय, मग आवाज बसतो, साल सुरकुतते, पांढरट-तपकिरी फोड येतात, तेव्हा उलटायच्या. दुसरी बाजू अर्धी झाली की लसूण, त्यानंतर जिरं. लसूण पहिल्यांदा टाकलास तर मिरची होईस्तोवर तो करपतोय आणि सगळं कडू. गॅस बंद करून जाडं मीठ टाक, बारीक मीठ नको, खड्यांनी साल फाटायला मदत होते.

आता जड बुडाचा तांब्या नाहीतर स्टीलचा पेला फडक्यात धर आणि तव्यावरच रगड. आपटायचं नाही, दाबायचं आणि मनगट फिरवायचं, मिरच्या निसटून कडेला पळतात त्या उलथण्यानं परत मधे ओढायच्या, तव्याला जे चिकटलंय ते खरवडून त्यात मिसळायचं, सगळी चव त्या खरवडीत आहे. चार-पाच मिनिटाचं काम. खालच्या काकूंना पत्तासुद्धा लागणार नाही.

दाणे घालायचे तर शेवटी, वेगळे जाडसर कुटून. नाही घातले तरी चालतंय. कोथिंबीर एवढीशी. लिंबू अजिबात नाही.


जळगावची_लेक (कोथरूड)

दादा बाकी सगळं ठीक पण दाणे नाही घातले तरी चालतंय हे काय लिहिलंत! आमच्याकडे दाण्याशिवाय ठेचा म्हणजे नुसती शिक्षा. दाण्याचं तेल सुटतं त्याने तिखट आवरतं आणि गोळा पण धरतो. खानदेशात कळण्याची भाकरी असते ना, ज्वारीत अख्खे उडीद टाकून दळतात ती, तिच्यावर हा ठेचा आणि वरून कच्चं तेल, बास, भाजी करायची गरज नाही. माझ्या माहेरी लाकडी बडगी आहे, भरतासाठी असते ती, त्यातच ठेचा ठेचतात. लाकडात मिरची सरकत नाही आणि आवाजही कमी येतो.

पण भाकरतुकडा भाऊ, मी इथे कोथरूडला मिक्सरच वापरते, उगाच सांगू नये मिक्सरला होतच नाही म्हणून. होतो. फक्त लहान चटणीचं भांडं घ्यायचं, ते एकदम कोरडं पाहिजे, आणि मिरच्या पूर्ण गार होऊ द्यायच्या. गरम मिरच्या फिरवल्या की आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं आणि तेच खाली टपकतं. आधी दाणे एकटे, बटण डावीकडे वळवून लगेच सोडायचं, दोन-तीनदा, की भरड होते, ती काढून ठेवायची. मग मिरची-लसूण-जिरं-मीठ, पुन्हा तसंच डावीकडे वळवून सोडायचं, प्रत्येक वेळी झाकण उघडून चमच्याने खालीवर करायचं. बटण उजवीकडे नेलं की संपलं. थोड्या अख्ख्या मिरच्या राहिल्या तर राहू द्या, त्या नंतर वाटीच्या बुडाने चेचा. दाण्याची भरड शेवटी हाताने मिसळा, मिक्सरमध्ये दोन्ही एकत्र घातलं तर दाण्याचा लगदा होऊन सगळं पांढुरकं दिसतं.

माप म्हणाल तर पाव किलो मिरच्यांना मोठी वाटीभर दाणे, लसणाचे दोन मध्यम गड्डे, चमचाभर जिरं. दाणे खरपूस भाजून सालं काढायची, मंद गॅसवर, आतपर्यंत भाजले गेले पाहिजेत. पॅकेटातले खारे दाणे घालू नका हो कृपा करून, मीठ किती पडलंय ते कळत नाही.


शनिवारपेठी

खलबत्ता नाहीये हे वाक्य पुण्यात राहून लिहिलंत याचं कौतुक वाटलं. तुळशीबागेत जा. पीएमपीने जा, गाडी घेऊन गेलात तर ठेच्यापेक्षा पार्किंगचा त्रास जास्त होईल.

दगडी खलबत्ता घ्यायचा तर हातात उचलून बघा, बत्ता जड हवा, मनगटाने नाही तर त्याच्या वजनाने काम झालं पाहिजे. खलाच्या आत बोट फिरवून बघा, खरखर लागली पाहिजे. आतून गुळगुळीत चकचकीत केलेले संगमरवरी मिळतात ते शोकेससाठी बरे, त्यात मिरची नुसती घसरते. खोलगट घ्या, उथळ घेतलात तर मिरचीचं बी उडून थेट डोळ्यात. पितळी खलबत्ता वेलची-जायफळासाठी, त्यात मीठ-लिंबाचं ओलं काम करू नये. लोखंडी चालतो पण लगेच धुऊन, कोरडा करून तेलाचा हात लावायला हवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तांबेरा.

दगडी आणलात की त्याच दिवशी ठेचा करायला बसू नका. भिजवलेले तांदूळ आणि जाडं मीठ घालून वाटा, करडं निघेल, टाकून द्या, पुन्हा वाटा. पांढरं निघेपर्यंत हे करायचं. साबण लावू नका, दगड वास धरतो. आवाजाचं म्हणाल तर खाली जुनी चादर चौपदरी घडी करून ठेवा आणि ओट्याच्या मधोमध नको, भिंतीला लागून जिथे खाली आधार आहे तिथे किंवा सरळ जमिनीवर मांडी घालून बसा. आमच्या घरी पाटा-वरवंटा होता, गुळगुळीत झाला की टाकी लावायला माणूस दारावर यायचा. आता पाटा गच्चीत कुंडीखाली आहे, सूनबाईंनी ठेवला तिथे.

मिरच्या मंडईतून घ्याव्यात. महात्मा फुले मंडई म्हणतो मी, बाकी सगळ्यांना लोक हल्ली मंडई म्हणतात. मूळ नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने, आणि गंमत बघा, नगरपालिकेत असताना ज्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला त्याच इमारतीला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. असो. तिथे बायका बसतात त्यांना नुसतं ‘ठेच्याला पाहिजेत’ म्हणा, त्या बरोबर देतात, तुम्ही निवडायच्या भानगडीत पडू नका.

आणि हो, चिमूटभर साखर घाला. चव उजळते.


तांबडापांढरा (धनकवडी, मूळ कोल्हापूर)

साखर!!! काका तुम्ही खलबत्त्यावर एवढं छान लिहिलं आणि शेवटी घात केला.


शनिवारपेठी

चिमूटभर म्हटलं. पोतं नाही म्हटलं.


रसायनवाला (औंध)

मी बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो त्यामुळे राहवत नाही, सांभाळून घ्या.

आधी तिखटाचं. तिखटपणा येतो कॅप्सेसिनमुळे आणि ते बियांमध्ये नसतं, मिरची उभी चिरली की आत जी पांढरट शीर दिसते, जिला बिया चिकटलेल्या असतात, त्या शिरेत ते तयार होतं. बियांना ते बाहेरून लागलेलं असतं एवढंच. त्यामुळे बिया झटकून तिखट फारसं कमी होत नाही, शीर खरवडून काढली की होतं. भाकरतुकडा, तुम्हाला मिरची निवडायचीये तर एक विकत घेऊन तिथेच मोडून बघा, आतली शीर जाड आणि पिवळसर असेल तर सहसा जोरदार निघते. बाहेरून ढोबळ अंदाज असा की मोठ्या, जाड सालीच्या, फिकट पोपटी मिरच्या सौम्य, त्या भज्यांच्या. बारीक, काळसर हिरव्या, पातळ सालीच्या त्या तिखट. ज्वाला नावाची लांब, सुरकुतलेली, टोकाला वळलेली मिळते ती ठेच्याला चांगली. लवंगी एवढीशी असते पण तिच्या नादी एकटीच्या जोरावर लागू नका, चार-पाच इतरांत मिसळा. आणि एकाच जातीत फरक पडतो तो वाढताना किती पाणी मिळालं, किती ऊन मिळालं यावर, पाण्याचा ताण बसलेलं झाड बहुधा जास्त तिखट मिरची देतं, म्हणून तुमच्या भाजीवाल्याचा यात दोष नाही. मी स्वतः निम्म्या तिखट निम्म्या पोपटी घेतो, चवही भरते आणि दुसऱ्या दिवशी पश्चात्तापही होत नाही.

लसणाच्या दर्पाचं कारण मिक्सरच आहे पण वेगळ्या अर्थाने. लसूण अख्खा असतो तोवर त्याला फार वास नसतो. पेशी फुटल्या की त्यातला ॲलिनेज नावाचा एन्झाइम कामाला लागतो आणि ॲलिसिन तयार होतं, तोच तो उग्रपणा. जितका बारीक वाटाल तितक्या जास्त पेशी फुटणार. अख्ख्या पाकळ्या आधी तव्यावर गरम झाल्या तर तो एन्झाइमच निकामी होतो, मग कितीही चेचा, गोडसरच लागणार. थोडा ठसका हवा असेल तर बहुतेक पाकळ्या भाजलेल्या आणि दोन-तीन कच्च्या, हा मधला मार्ग.

रंगाचं. हिरवा रंग क्लोरोफिलचा, त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो, आंबट आणि उष्णता एकत्र आली की तो निसटतो आणि हिरव्याचं शेवाळी होतं. भाजीतसुद्धा थोडी आम्लं असतात, ती उघड्या कढईत वाफेबरोबर निघून जातात, झाकण ठेवलं की परत त्याच भाजीवर पडतात. म्हणजे झाकण काढा हे तांबडापांढरा यांनी सांगितलंय ते रंगासाठीपण लागू आहे. लिंबू पिळायचंच असेल तर ठेचा पूर्ण गार झाल्यावर, आणि जेवढा ताटात वाढणार तेवढ्यावरच.

आता बरणी. वहिनींना सांगा की ओट्यावर अजिबात नाही, आणि हे मी गमतीत लिहीत नाहीये. लोणचं टिकतं ते त्यातल्या मीठ आणि आंबटामुळे, तेल फक्त वरून हवा अडवतं. ठेच्यात आंबट जवळपास नाही, मीठ चवीपुरतं, आणि लसूण जमिनीतून आलेला. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, तव्यावरच्या परतण्याने ते मरत नाहीत, आणि त्यांना वाढायला नेमकं हेच लागतं, हवा नाही, आंबट नाही, घरातलं तापमान. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट, तो ४.६च्या वर असेल तर धोका. त्याचं विष वासावरून, चवीवरून कळत नाही आणि बाधा झाली तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे तेलात बुडवून ठेवल्याने आपण सुरक्षित करतोय असं वाटतं आणि होतं उलटंच. फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसात संपवा, कोरडा चमचा वापरा. महिन्याभराचाच करायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा भरून फ्रीझरला टाका, गोठले की पिशवीत काढा, लागेल तसा एक गोळा तव्यावर गरम करा. दाणे मात्र त्यात घालू नका, मऊ पडतात, ते आयत्या वेळी.

लिहीत गेलो तर लांबलंच, तासिका संपल्याची घंटा ऐकू येत नाहीये ना इथे.


दोन_पोरांची_आई (सिंहगड रोड)

सर मस्त लिहिलंय, आमच्याकडे आजेसासूबाईंपासून बरणी ओट्यावरच असते, आज काढली.

हाताचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. पाव किलो मिरच्या मोडल्या की तासाभराने बोटं पेटतात, आणि आपण पाण्याखाली हात धरून बसतो, त्याने काही होत नाही कारण ते तिखट पाण्यात विरघळतच नाही. आधी हाताला गोडं तेल चोळायचं, नखांच्या कडेला, बोटांच्या मधे, सगळीकडे, मिनिटभर, मग भांड्यांच्या साबणाने धुवायचे, आणि परत एकदा. त्याहून सोपं म्हणजे मिरच्या मोडायच्या आधीच तेलाचा हात लावून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर ठेचा करायच्या आधी काढून ठेवा किंवा त्या दिवशी लावूच नका, नंतर काढायला डोळ्याकडे बोट नेलंत की संपलं. लहान पोर घरात असेल तर ते हात लागलेलं फडकं पण लगेच धुवायला टाका.

खकाण्याला उपाय म्हणजे एक्झॉस्ट मिरच्या टाकायच्या आधी चालू करायचा, नंतर नाही, आणि बेडरूमची दारं लावून घ्यायची. गॅस मध्यम ठेवला तर ठसका खूप कमी लागतो, तेल धुरावलं की मग सगळ्या मजल्याला खोकला.

माझ्या पोरांना मी ठेचा देते पण लोण्यात कालवून. गरम भाकरी, त्यावर लोणी, त्यावर अगदी शेंगदाण्याएवढा ठेचा, आणि पसरवायचं. तोंड भाजलंच तर पाणी नाही द्यायचं, वाटीभर दही नाहीतर दूध.


रसायनवाला (औंध)

बरोबर. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, शिवाय लोण्यातल्या स्निग्धात ते विरघळतं. आणि एक भर घालतो, आपल्या जिभेवरचा जो रिसेप्टर तिखट ओळखतो तोच साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णताही ओळखतो. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये कॅप्सेसिन वापरूनच तो शोधला आणि २०२१ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्यातले एक ते. म्हणून तव्यावरून उतरलेल्या भाकरीबरोबर तोच ठेचा जास्त झोंबतो आणि डब्यातल्या गार पोळीबरोबर बेताचा लागतो. मीठ-तिखट ठरवताना ठेचा गार करून चाखलात तर अंदाज चुकतो तो यामुळे.


भाकरतुकडा (वाकड)

बापरे एवढं सगळं! खरंच थँक्यू. बरणीचा विषय बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली सर रोज असं बोलतात का वर्गात.

तवा-तांब्या आज संध्याकाळी केला. लोखंडी तवा डोशाचा होता तोच घेतला. तांबडापांढरा भावा, तू लिहिलेलं ते आवाज बसण्याचं खरंच ऐकू येतं, चुरचुर कमी होत होत एकदम फक्त तेलाचा बारीक आवाज उरतो, तेव्हाच साल पण सुरकुतलेली. रगडताना पेला नीट धरता येत नव्हता, गरम होतो लगेच, शेवटी वरवंट्यासारखी दिसणारी कुठली तरी डाळ घोटायची लाकडी रवी होती तिचं बूड वापरलं, चाललं. दाणे घातलेत (ताई खूश), साखर नाही घातली (काका माफ करा), लिंबू नाही. रंग बऱ्यापैकी हिरवा राहिला, काळे डाग आहेत पण ते तर हवेतच ना? लसूण खरंच गोड लागतो, हे मला माहीतच नव्हतं.

एकच राहिलं, जरा खारट वाटतोय. जाडं मीठ किती घ्यायचं ते हातालाच कळत नाहीये. आणि हुरड्याला पंचवीस जणांना किती मिरच्या घेऊ?


तांबडापांढरा (धनकवडी, मूळ कोल्हापूर)

काळे डाग पाहिजेतच, सगळीकडं काळं झालं तर कडू. रवी चालतेय की, मनगट फिरलं म्हणजे झालं.

मीठ आधी निम्मंच टाकायचं, रगडून झालं की भाकरीबरोबर चाख, नुसतं बोटावर घेऊन नाही. मग लागलं तर घाल. आत्ताचा खारट झालेला टाकू नको, बिनमिठाचे दाणे कुटून घाल अजून मूठभर, नाहीतर भाजलेलं वांगं सोलून त्यात चेच, आवरतंय.


जळगावची_लेक (कोथरूड)

वांगं घातलंत तर ते भरीतच झालं दादा 😄 पण उपाय चांगला आहे.

पंचवीस जणांना अर्धा किलो मिरच्या आणि पाव किलो दाणे भरपूर होतात हो, हुरड्याबरोबर दही असतं, गूळ असतो, शेंगदाण्याची नाहीतर तिळाची सुकी चटणी असते, ठेचा माणशी दोन चमच्यांच्या वर जात नाही. पण अर्धा किलो एका तव्यावर टाकू नका, गर्दी झाली की मिरच्या भाजल्या न जाता उकडतात आणि पाणी सुटतं. तीन घाण्यात करा. शेतावर करणार असाल तर हुरडा भाजायच्या आरावर तवा ठेवा, गॅसपेक्षा चांगला होतो. थोडा वेगळा कमी तिखट काढून ठेवा, शीर काढलेल्या पोपटी मिरच्यांचा, प्रत्येक ग्रुपमध्ये दोन-तीन जण असतात ज्यांना चालत नाही आणि ते आधी सांगत नाहीत.


शनिवारपेठी

ताक जास्त न्या. आणि मिरच्या आदल्या दिवशी सकाळी मंडईतून घ्या, दुपारी एक ते चारमध्ये गेलात तर मी जबाबदार नाही.


भाकरतुकडा (वाकड)

😂 काका, मंडई दुपारी बंद असते?


शनिवारपेठी

मंडई नसते हो. मी असतो. खलबत्ता बघायला जाल तेव्हा मला विचारून जा, म्हणजे चांगलं दुकान सांगता येईल, पण चारनंतर.